साक्षीचं माणूस

९ फेब्रुवारी, रविवार

आज अंजलीताईंना सांगून टाकलं, मला शीलं घ्यायची आहेत. त्यांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही." त्या म्हणाल्या, "हे कारण झालं नाही, हा स्वभाव झाला." त्या अशाच बोलतात. चहा मात्र फक्कड करतात, म्हणून माणूस सहन करतो.

अंजलीताई पूर्वी कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. मग नोकरी सोडून जपानला गेल्या, तिथल्या झेन मठात कैक वर्षं राहिल्या आणि डोकं भादरून नाशकात परत आल्या. महात्मानगरात त्यांच्या घराच्या माडीवर दर रविवारी आम्ही मूठभर माणसं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसतो. मी आले ती ब्लडप्रेशरमुळे. डॉक्टर म्हणाले होते, गोळीबरोबर रागाचंही काहीतरी बघा. आले ती चिकटले.

शीलं दहा आहेत. पहिली पाच सगळ्या बौद्धांची असतात तीच: जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, व्यभिचार नाही, खोटं बोलायचं नाही, नशा नाही. पुढच्या पाचांत दुसऱ्याला नावं ठेवू नये, स्वतःला चढवून दुसऱ्याला खाली पाडू नये, राग धरून बसू नये वगैरे. मी घरी येऊन शांतपणे विचार केला. अंडंसुद्धा खात नाही मी. दारूचा प्रश्नच नाही. खोटं मी बोलत नाही, उलट तोंडावर खरं बोलते म्हणून नातेवाईक मला टाळतात. राहता राहिला राग. बाकीची नऊ आत्ताच जमल्यात जमा आहेत.

ताईंच्या दोन अटी आहेत. छातीवर अडकवायचं एक छोटं वस्त्र असतं, रकसू म्हणतात त्याला, ते तुकडे जोडून स्वतःच्या हातानं शिवायचं, मशीन लावायचं नाही. आणि विधीला साक्षीचं एक माणूस आणायचं. माडीवरचं कुणी चालणार नाही. रोज आपल्याला बघणारं, आपलं खोटं पकडू शकेल असं माणूस हवं. त्याला विधीत एकच प्रश्न विचारतात. प्रश्न काय, ते आधी सांगत नाहीत. साक्षी नाही तर शीलंही नाहीत. दिवस ठरला बुद्धपौर्णिमेचा.

साक्षीला मनीषा. यात विचार करण्यासारखं काही नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आमची पाण्याची लॅब आहे, तिथं वीस वर्षं मी आणि ती एकाच टेबलाशी बसतो, एकाच वेळी डबा उघडतो. शिवाय ती जन्मानं बौद्धच आहे. तिला तर आनंदच होईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

शिवण सुरू. काळं कापड, बोटाएवढ्या पट्ट्या, भाताच्या खाचरांसारखी नक्षी. प्रत्येक टाका घालताना मनात 'बुद्धाला शरण' म्हणायचं. म्हणतेय. सुई बोटात जाते तेव्हा दुसरंच काहीतरी म्हटलं जातं, पण ते जाऊ दे.

दुपारी पडवीत शिवत बसले होते, तर सासूबाई येऊन शेजारी टेकल्या. अंबूबाई म्हणजे उभ्या चाडेगावात गोधडीसाठी नावाजलेली बाई. माझा टाका बघून त्यांना राहवेना. "मंजू, सुई उभी नको धरू. आडवी धर, आन् टाका बारीक घे. कसली गोधडी म्हनायची ही? मांजराची?"

मी म्हटलं, "जपानी शिवणकाम आहे आई. नवीन फॅशन."

"जपानी मानसं लय बारकी दिसतात," म्हणाल्या आणि दोन टाके कसे घ्यायचे ते हवेत दाखवून गेल्या. त्यांच्या सांगण्यानं खरंच टाका सुधारला. घरी सगळं सांगायचं आहेच, वेळ बघून सांगेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मनीषाला जेवताना विचारलं. आधी ती इतकी हसली की ठसका लागला. "तू? शीलं? परवा त्या टँकरवाल्याला फोनवर काय काय म्हणालीस ते आठव."

मी म्हटलं, "म्हणूनच घेतेय."

"बरं आहे. पण त्यासाठी एवढं शिवायचं कशाला? आमच्याकडे लहान पोरंसोरंसुद्धा विहारात बसून म्हणतात. आई मला कडेवर घेऊन जायची तेव्हापासून म्हणतेय मी."

मी तिला समजावलं, आमचं जरा खोल असतं, नुसतं म्हणून भागत नाही, बसावं लागतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असेल बाई." मग साक्षीचं विचारलं. चटकन हो म्हणाली. "येते की. सुट्टीच असते त्या दिवशी. घरी सांगितलंस का? सासूबाईंना?" वेळ बघून सांगते म्हटलं.

चांगली आहे मनीषा. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबाभर खीर आणते, न चुकता. आमच्या घरी सासूबाईंना साखर, नवऱ्याला, म्हणजे जीवनरावांना साखर, म्हणून मी ती मळ्यात फुलं तोडायला येणाऱ्या कुसाबाईला देते. वाया जाऊ देत नाही.

३० मार्च, पाडवा

झेंडूच्या कामातून उसंत नाही. जीवनराव पहाटे टेम्पो भरून फूलबाजारात गेले ते दुपारी आले, आणि गुढी उतरवायच्या वेळेला घोरत होते. मी भांडी आपटली. भांडी आपटणं हे राग धरण्यात येतं का, अंजलीताईंना विचारायला हवं. मला वाटतं, आपटली की राग सुटतो, धरला जात नाही.

जीवनरावांना शीलांचं सांगितलंय. ते म्हणाले, "तुला करायचं ते कर, मला कशात ओढू नको." लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही त्यांचं तोंड असंच होतं.

वस्त्र निम्म्याच्या वर झालं.

१३ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. मला अजूनही वाटतंय की मी फार वाईट काही बोलले नाही.

उद्या जयंती, त्यामुळे सकाळपासून अंगणात झेंडूचे ढीग. बायका माळा ओवत होत्या. मनीषाच्या विहाराची ऑर्डर दरवर्षी आमच्याकडेच असते, मोठे हार तिचेच. मी हातातलं उरकून जरा वेळ शिवायला बसले. सासूबाई जीवनरावांना म्हणाल्या, "बघ रे, हिची मांजराची गोधडी होत आली." आणि जीवनराव, जे एरवी तीन शब्दांवर चौथा बोलत नाहीत, ते म्हणाले, "आई, ती गोधडी नाही. बौद्ध व्हायचं वस्त्र आहे ते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी? त्यांच्यातली व्हनार ही?"

ओवणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो आई, तसलं नाही काही. ते त्यांचं वेगळं. हे जपानी आहे, चांगले शिकलेले लोक करतात. आपण काय त्यांच्यातले होणार आहोत का?"

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मलाही हायसं वाटलं. मग मान वळवली तर फाटकात मनीषा उभी. हातात हारांसाठी आणलेल्या गोण्या.

"हार झालेत का तयार?" एवढंच म्हणाली. मी चहा घे म्हटलं, तर रिक्षा थांबलीय म्हणाली. हार तिनं स्वतः उचलून रिक्षात ठेवले, मला हात लावू दिला नाही.

तिनं ऐकलं असेल का? ऐकलं असेल तरी तिला कळेल. म्हाताऱ्या माणसाला शांत करायला आपण काहीबाही बोलतोच.

१५ एप्रिल, मंगळवार

ऐकलं होतं.

जेवायच्या सुट्टीत तिनं डबा घेतला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिथं गेले. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाली. मी तिथंच उभी राहिले, कारण मला उत्तर मिळेपर्यंत हलता येत नाही.

शेवटी चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "माझी आई अंगठा लावायची, मंजुषा. शिकलेली नव्हती. पण शीलं तिनं पाळली, मरेपर्यंत. तुझं जरा खोल असतं म्हणालीस त्या दिवशी, तेही मी गिळलं. म्हटलं, हिला अजून कळायचंय."

मी म्हटलं, "अगं, सासूबाईंची समजूत घालायला..."

"आणि खीर. सासूबाईंना साखर, त्यांना साखर. तुला आहे का साखर?"

मी मान हलवली, नाही.

"कुसाबाई माझ्याच गल्लीत राहते. दरवर्षी मला येऊन सांगते, ताई, तुमची खीर बाईंनी मला दिली, फार छान झाली होती."

मी विचारलं, "मग तू दरवर्षी आणायचीस कशाला?"

"वाटायचं, या वर्षी खाशील." आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "साक्षीला मी येणार नाही. दुसरं कुणी बघ."

मी माझ्या टेबलावर परत आले. खरं लिहायचं तर आधी मला तिचाच राग आला. एवढं मनात होतं तर वीस वर्षांत तोंड उघडायचं होतं. दुपारभर नमुने तपासले, दोनदा चुकले, पुन्हा केले. संध्याकाळी स्कूटरवर घरी येताना राग कुठंतरी गळून पडला आणि मागे जे उरलं त्याची मला लाज वाटते.

२० एप्रिल, रविवार

अंजलीताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी वस्त्र हातात घेऊन बघितलं. टाके छान आलेत म्हणाल्या.

"टाक्याटाक्याला काय म्हणत होतीस?"

"बुद्धाला शरण."

"कुठल्या? जपानी?"

त्यांनी चहा दिला. तोही आज मला कडू लागला. मग मी म्हटलं, साक्षीची अट या वेळेपुरती सोडता येणार नाही का? त्या म्हणाल्या, "नाही. पुढच्या वर्षीही पौर्णिमा आहे. ती कुठं पळून जात नाही."

पुढच्या वर्षी नाही. मी याच वर्षी घेणार. कसं ते अजून माहीत नाही, पण घेणार.

२२ एप्रिल, मंगळवार

मनीषाची माफी मागितली. नीट मागितली, 'पण' न लावता. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी फाटकात उभी होते म्हणून तुला वाईट वाटतंय. मी नसतेच तर?"

मी विचार केला. ती तिथं नसतीच, तर मला त्या वाक्याची आठवणही राहिली नसती. तसं तिला सांगितलं.

"हे खरं बोललीस," ती म्हणाली. "माझ्याकडे माफी मागून काय होणार? खोटं तू ज्यांच्याशी बोललीस त्यांना जाऊन सांग." आणि तिनं नोंदींचं पान उलटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. ताटं वाढली आणि मी बसायच्या आधीच सांगितलं, नाहीतर धीर झाला नसता.

"आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. जपानी-बिपानी काही वेगळं नाही. बुद्ध एकच आहे. मनीषा जी आहे तीच मी होणार. आणि तिची खीर मी बाहेर द्यायचे ती तुमच्या साखरेमुळे नाही. ती तुम्ही घरात घेऊ देणार नाही असं मला वाटायचं. आणि मीही कधी चाखली नाही. मला तर साखर नाही."

जीवनरावांनी घास हातातच धरला. सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं.

"देवाला पानी कोन घालील?"

"मीच घालीन. रोज घालते तसं."

"आन् मी गेल्यावर माझं दिवसवार कोन करील?"

"मीच करीन आई. तुमचं सगळं करीन. फक्त खोटं बोलून करणार नाही."

त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेल्या. जीवनराव म्हणाले, "तुला काय गरज होती सांगायची? गुपचूप घेतली असतीस तर कुणाला कळलं असतं?" हा माणूस तीस वर्षं फूलबाजारात आहे. तिथं फुलांवर पाणी मारून वजन वाढवतात, हे त्यांना रोज दिसतं आणि ते रोज गप्प बसतात. मला त्यांना हे बोलायचं होतं. नाही बोलले. दुसऱ्याला नावं ठेवू नये.

२६ एप्रिल, शनिवार

सासूबाईंनी शेगडी पडवीत मांडली. आपलं पीठ आपण मळलं, आपली भाकरी आपण थापली. पाण्याचा तांब्याही वेगळा घेतला. मी भरून दिलेलं पाणी त्यांनी तुळशीला ओतलं.

३ मे, शनिवार

आठवडा झाला. त्या माझ्या हातचं काही घेत नाहीत. काल त्यांचा तांब्या रिकामा होता म्हणून मी भरायला उचलला, तर म्हणाल्या, "ठिव तिथं." मी ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. अपमान वाटला, दुसरा शब्द नाही. या घरात इतकी वर्षं मीच चूल सांभाळली, त्यांच्या आजारपणात मीच त्यांना भरवलं, आणि आता माझ्या हाताचा विटाळ.

रडून झाल्यावर तोंड धुताना मनीषा आठवली. आमच्याकडे येते तेव्हा ती पडवीत बसते. आत ये असं मी तिला म्हटलंय का कधी? मी आठवून बघितलं. मला आठवेना.

जीवनराव म्हणाले, "सोडून दे हे. सगळं पहिल्यासारखं होईल." होईलही. म्हणूनच सोडता येत नाही.

६ मे, मंगळवार

नणंदेचा देवळ्याहून फोन. एरवीचे तेच प्रश्न: कांद्याचा भाव काय म्हणतो, फुलं कशी आहेत, आई बरी आहे ना. मी म्हटलं, "आई बऱ्या आहेत. पण माझ्या हातचं जेवत नाहीत." मग तिनं विचारलं म्हणून कारणही सांगितलं.

सासूबाईंनी पडवीतून सगळं ऐकलं होतं. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी आपणहून बोलल्या. "घरातली गोष्ट भायेर कशाला सांगती? आजवर कधी सांगितली व्हती का?"

"तिनं विचारलं म्हणून सांगितली."

"विचारलं तर सगळं बरं हाय म्हनायचं असतं!"

"बरं नाही ना आई."

त्यांनी भाकरी तव्यावर इतक्या जोरात टाकली की ती फाटली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कालची कडक झाली व्हती का? जीवनच्या ताटात वाढली व्हती मी एक." कडक झाली होती. तसं सांगितलं. दिवसभर पुन्हा बोलल्या नाहीत.

खरं बोलणं हे इतकं गैरसोयीचं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तर समजत होते की मी आधीपासूनच खरं बोलते. मी फक्त मोठ्यानं बोलत होते.

११ मे, रविवार

वस्त्र पूर्ण झालं. शेवटची गाठ मारली. साक्षी नाही.

जीवनरावांना विचारलं. ते म्हणाले, "मी कुणाच्याच बाजूचा नाही." मी म्हटलं, बाजूचा नकोच आहे. तरी नाही म्हणाले, उद्या बाजाराचा दिवस. मनीषाला पुन्हा विचारणार नाही. तिनं एकदा नाही म्हटलंय, आणि तिचं नाही मला समजलंय. माझ्यासाठी तिनं उभं राहून माझ्याबद्दल ग्वाही द्यायची, हे मागणंच उलटं होतं.

तरी उद्या जाणार. उंबऱ्यावर जाऊन सांगेन, साक्षी मिळाली नाही. ताई नाही म्हणाल्या तर परत येईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. भीती वाटतेय, पण पाऊल मागे घ्यायची इच्छा होत नाही. हा माझा स्वभाव असला तर असो.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी देवाला पाणी घातलं, पिशवीत वस्त्र ठेवलं, स्कूटर बाहेर काढली. फाटकाशी सासूबाई उभ्या. धुवट लुगडं नेसून, चपला घालून.

"कुठं निघालीस?"

"शीलं घ्यायला."

"तिथं साक्षीला मानूस लागतं म्हनत व्हता जीवन. कोन येनार हाय?"

"कुणी नाही."

"चल मग."

मला कळेना. "तुम्ही? तुम्हाला तर हे मान्य नाही."

"नायच मान्य. पन तू तिथं काय काय कबूल करती ते मला ऐकायचंय. उद्या मोडलंस तर तोंडावर सांगायला कुनी नको का?" आणि त्या मागे बसल्या, एका हातानं माझा खांदा घट्ट धरून. नाशिकरोड, द्वारका, पुढं सगळा रस्ता, एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही. मला भीती वाटत होती की मी बोलले तर त्या उतरतील.

माडी त्या एकेक पायरी धरून चढल्या. अंजलीताईंचं भादरलेलं डोकं बघून पदर सावरला. पाणी विचारलं, नको म्हणाल्या. दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या, कोर्टात बसावं तशा.

विधी साधा होता. ताई एकेक शील म्हणायच्या आणि विचारायच्या, "पाळशील?" मी म्हणायचे, "पाळीन." जीव न घेण्याला पाळीन म्हणताना झेंडूवरची औषधफवारणी डोळ्यांसमोर आली. तरी म्हटलं, आता त्याचंही काहीतरी करावं लागणार हे कळून म्हटलं. खोटं न बोलण्यापाशी मी दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. ताई थांबल्या. मग म्हटलं.

दहा झाल्यावर ताईंनी वस्त्र माझ्या गळ्यात घातलं आणि सासूबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही हिला रोज बघता. ही खोटं बोलते का?"

मी खाली मान घातली.

"बोलायची की," सासूबाई म्हणाल्या. "लय ग्वाड बोलायची माझ्याशी. सगळं बरं हाय, सगळं छान हाय. घर कसं शांत व्हतं. आता नाय बोलत. म्हनून तर भांडान हाय आमचं."

अंजलीताईंनी हात जोडले आणि कमरेत वाकून सासूबाईंना नमस्कार केला, अगदी खाली. सासूबाई गोंधळल्या. "आवो, उठा, उठा," म्हणत खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

घरी येऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि पडवीत आपली भाकरी वेगळी थापली. एवढं ऐकून, एवढं बोलून, तरी वेगळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे रागाचं शील दिवस मावळायच्या आत मोडलं. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मोडलं का एक?" मी म्हटलं, "मोडलं." त्यांनी मान हलवली आणि भाकरी उलटली.

१३ मे, मंगळवार

जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी गेले. "बसू का?" विचारलं. मनीषानं पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली. आम्ही जेवलो. खिरीचा डबा या वर्षी नव्हता.

मग तिनंच विचारलं, "झालं का? साक्षीला कोण मिळालं?"

"सासूबाई."

तिचा घास थांबला. "म्हातारी? तिला नेलंस?"

"आपणहून आली." मग जे घडलं ते सगळं सांगितलं, आंघोळ आणि वेगळी भाकरी धरून. काही गाळलं नाही. भांडणाच्या वाक्याला ती हसली. वेगळ्या भाकरीला हसली नाही.

"आता शिरगणती होणार आहे म्हणे," ती म्हणाली. "या वेळी जातसुद्धा विचारणार. घरी माणूस येईल, दारात उभा राहील आणि विचारील, धर्म कोणता. माडीवर दहा माणसांत म्हणणं सोपं आहे, मंजुषा. तेव्हा काय सांगशील?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. पूर्वी दिलं असतं, ठणकावून. मला जीवनराव दिसले, नणंद दिसली, गावातल्या सगळ्या बायका दिसल्या, आणि मला खरोखर भीती वाटली. ते तिला सांगितलं.

"भीती वाटते," मी म्हटलं. "पण आमच्याकडे नवा माणूस आला की मी सासूबाईंना पुढे करते आणि आतून ऐकते. त्या दिवशी मी रजा टाकीन. दार मी उघडीन, आणि तुझ्या घरी जे सांगतात तेच सांगीन."

मनीषा माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षांत तिनं मला इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"मी येऊन बसेन त्या दिवशी तुझ्याकडे," ती म्हणाली. "आत."